अडीच इंच खाली

गाडी खाली घ्यायला अक्कल लागत नाही. हातोडा आणि ऐरण असली की झालं. खाली घेतलेल्या गाडीत माणसाला सुखानं बसता यावं, यासाठी मात्र अक्कल लागते, आणि ती मला जरा उशिराच आली. या अंकाच्या संपादकांनी माझ्या धंद्यातल्या यशाबद्दल लिहा म्हणून सांगितलं होतं. यशाचं म्हणाल तर, तीस वर्षं, जळगावातून धुळ्याकडे जाणारा माल भरलेला ट्रक माझ्या दुकानावरून गेला की मी न बघता नुसत्या आवाजावरून सांगायचो, याचा उजवा मागचा पाटा तुटलाय. शंभरात नव्वद वेळा खरं निघायचं. उरलेल्या दहा वेळा डावा निघायचा. एवढं यश पुरे. आता दुसरं सांगतो.

आमचं दुकान पिंप्राळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. धंदा कमानीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकच्या किंवा जुन्या मोटारीच्या मागच्या चाकावर एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या असतात. त्यातल्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात आणि सगळ्या मिळून कमान. खड्डा आला की चाक वर उचललं जातं, कमान सपाट होते, परत वाकते, आणि धक्का तिथंच जिरतो. वापरून वापरून पाट्यांचा वाक जातो. मग आम्ही ते भट्टीत लाल करायचे, ठोकून वाक द्यायचा, तेलात बुडवायचे. पाण्यात बुडवले तर पाटा काचेसारखा ठिसूळ होतो. हे मी धुळ्याला इब्राहिम वस्तादांकडे शिकलो. कमान बांधून झाली की ट्रकच्या मागच्या बाजूला वाळूची पोती टाकायची, गाडी पुढे बसून चालवायची, परत येऊन मोजायचं, किती बसली. वस्तादांची ही पद्धत मी डोळे झाकून पाळली, आणि ती चुकीची आहे असं मी आजही म्हणणार नाही. ती ट्रकची पद्धत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जळगावात एक खूळ आलं. तरुण पोरांना गाड्या जमिनीला टेकलेल्या हव्या झाल्या. सराफ बाजारातल्या एका घरचा मुलगा लग्नासाठी आपली नवी गाडी घेऊन आला. मी म्हटलं, बाबा, खाली घेशील तर बसताना त्रास होईल. तो म्हणाला, बसायचं कोणाला आहे, दिसायला पाहिजे. मी करत नाही म्हटलं, तर त्यानं दुसरीकडून गॅसनं स्प्रिंगच कापून घेतल्या. लग्नाच्या दिवशी वरात गतिरोधकावर आली आणि गाडीचं पोट त्याच्यावर बसलं. पुढे जाईना, मागे येईना. नवरदेव उतरला, करवली उतरली, गाडी हलकी झाली तेव्हा निघाली. सासरची माणसं नुसती बघत राहिली. दुसऱ्या आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, मिस्त्री, होती तशी करून द्या. मी करून दिली. पण मनातून फुगलो होतो, हे खरं आहे. लोक करतात ते चूक आणि आपण करतो ते बरोबर, अशी हवा डोक्यात शिरायला तेवढं पुरतं.

त्याच वर्षी पोळ्याच्या आसपास पाचोऱ्याचे एक वकील आले. आनंदराव त्यांचं नाव. पांढरी ॲम्बॅसिडर, जुनी पण निगा राखलेली. म्हणाले, मिस्त्री, ही दोन-अडीच इंच खाली घ्यायची आहे. मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टक्कल, हातात कोर्टाची फाइल. यांना कसली हौस?

हौस नव्हती. मागच्या सीटवर त्यांची आई होती, अक्का. पाचोऱ्याला मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं मास्तरीण, त्यातली शेवटची दहा वर्षं मुख्याध्यापिका. खुब्याचं हाड धरलं होतं, त्यामुळे डावा पाय वीतभराच्या वर उचलायचा नाही. गाडीचा उंबरा त्याहून वर. मग मुलानं आणि सुनेनं दोन्हीकडून धरून आत बसवायचं. हे अक्कांना अजिबात चालायचं नाही. त्यांनी मला काचेतून स्वच्छ सांगितलं, "मला उचलून ठेवायला मी काही पोतं नाही." घरात स्टूल ठेवून बघितलं होतं. ते एकदा कलंडलं, अक्का पडता पडता वाचल्या, तेव्हापासून स्टुलाचं नाव काढायचं नाही. आगगाडीची पायरी तर आणखी उंच.

आणि जायचं होतं ते दोंडाईच्याला, थोरल्या बहिणीकडे. या बहिणीला घरात सगळे माई म्हणायचे. अक्का चार वर्षांच्या असताना आई वारली, तेव्हा माईंनीच त्यांना वाढवलं, शेतात मजुरी करून शाळेत घातलं. माईंची आठवण आता जायला लागली होती. अक्कांच्या भाच्याचं, म्हणजे माईंच्या मुलाचं, पत्र आलं होतं की ती एकेकाला विसरत चालली आहे, सुनांची नावं गेली, शेजारी गेले, पण मावशी, तुझं नाव रोज घेते, विचारते की ती कधी येणार, तेव्हा लवकर ये. वकिलांनी हे सगळं मला दुकानाच्या बाकावर बसून हळू आवाजात सांगितलं. म्हणजे काम कशासाठी आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हटलं, काळजी करू नका, हे आमच्या हातचं काम आहे. मागच्या कमानी सोडल्या, पाट्यांचा वाक ठोकून कमी केला. त्या गाडीला पुढे कमान नसते, पिळाची सळई असते, स्वतःभोवती पिळली जाऊन धक्का झेलणारी, टोकाला दाते असलेली. ती एक दात फिरवून पुढची बाजूही मागच्या बरोबरीनं खाली आणली. मागच्या सीटवर वाळूची दोन पोती ठेवली, स्वतः पुढे बसून चक्कर मारली. गाडी बरोब्बर अडीच इंच खाली. वकिलांनी दार उघडलं, अक्कांनी काठी टेकली, पाय उचलला आणि कोणाचा हात न धरता आत बसल्या. बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला हलवत असतील तशी. मला तेव्हा कोणी पद्मश्री दिली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.

आठ दिवसांनी वकील परत आले. पारोळ्यापर्यंत गेलो आणि माघारी आलो, म्हणाले. गाडी फार आदळते. अक्कांची कंबर भरून आली, पुढे जाणं झालं नाही. मी गाडी पुढे बसून चालवली. मला तर विशेष काही लागलं नाही, थोडी कडक वाटली एवढंच. कडक आहे ना, मग एक पाटा काढू, नरम होईल. कोणत्याही कमानवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. पाटे जास्त तर गाडी कडक, पाटे कमी तर नरम. मी प्रत्येक बाजूचा एक पाटा काढला, परत वाळूची पोती, परत पुढे बसून चक्कर. दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी पाळण्यासारखी डुलली. वकील खूश, मी खूश. पोती काहीच बोलली नाहीत.

दिवाळीला अजून महिना-दीड महिना होता. मला वाटलं होतं, दिवाळीला अक्का दोंडाईच्याला असतील.

दिवाळी झाल्यावर वकील आले ते एस.टी.नं, एकटेच. मी विचारलं, गाडी कुठे? ते बाकावर बसले, पाणी मागितलं, प्यायले. मग म्हणाले, भडगावपर्यंतही पोचलो नाही. एका मोरीवर असा धक्का बसला की अक्का ओरडल्या. डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्याला चीर आहे. तीन आठवडे झाले, पट्टा बांधून अंथरुणावर आहेत. मला वाटलं, माणूस आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तुम्हाला दोष द्यायला आलो नाही, इकडे कोर्टाचं काम होतं. अक्का म्हणते, आता दोंडाईच्याला जायचं नाही, विषय संपला.

त्या दिवशी मी दुकानात हातोडा उचलला नाही. बायको म्हणाली, जेवा. जेवलो नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सराफाच्या पोराला हसणारा मी, आणि मी काय वेगळं केलं होतं? तोही दिसण्यावर गेला होता आणि मीही गेलो होतो. त्याला गाडी दिसायला हवी होती, मला माझं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाने, जॅक घेतले आणि पाचोऱ्याची गाडी धरली. वकिलांच्या अंगणात मी आधी गाडीखाली शिरलो. मागच्या चाकांच्या दांड्याच्या वर, गाडीच्या सांगाड्याला रबराचा गुटका असतो. खड्डा फारच मोठा आला आणि कमान पूर्ण सपाट झाली तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो तिथे ठेवतात. दांडा आणि गुटका यांच्यात चार बोटं तरी मोकळी जागा हवी. मी बोट घातलं तर एक बोटसुद्धा आडवं जाईना. माझ्या तंबाखूच्या डबीतला चुना काढला आणि दोन्ही गुटक्यांना फासला. दांड्यावर चुना उमटला तर समजायचं, आपटतंय. मग वकिलांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी मागे बसतो, अक्का बसतात तिथे.

वीस वर्षांत मी बसवलेल्या कमानीवर मी पहिल्यांदा मागे बसलो होतो. ट्रकच्या मागे माणूस बसत नाही, त्यामुळे तशी वेळच कधी आली नव्हती. भडगावच्या रस्त्याला लागलो. पहिला खड्डा वकिलांना कळलाही नसेल. मला मात्र शेपटीच्या हाडापासून दातांपर्यंत कळला. ठण्! दुसऱ्याला ठण्. मोरीवर तर डोकं छताला लागलं. मी ओरडलो, थांबवा. उतरून खाली बघितलं. दांड्यावर दोन्हीकडे पांढरेफटक ठसे, एकावर एक, मोजता न येण्याएवढे.

तेव्हा मला कळलं. गाडी कडक नव्हतीच. कमान नरम होती, पण तिला हलायला जागाच मी ठेवली नव्हती. ओट्यावरून उडी मारायची तर माणूस गुडघे वाकवतो. तोच माणूस आधीच उकिडवा बसला असेल तर वाकवणार काय? आणि आदळते म्हणून मी काय केलं, तर पाटा काढून तिला आणखी खाली बसवलं. आगीतून फुफाट्यात. गुळगुळीत रस्त्यावर ती पाळण्यासारखी डुलत होती, कारण तिथे तिला जागा लागतच नव्हती. वकिलांना मी ते ठसे दाखवले.

गाडी जळगावला आणली. काढलेले पाटे परत घातले, सगळी कमान भट्टीत घालून नव्यानं वाक दिला, तेलात विझवली. पुढची सळई होती त्या दातावर नेली. गाडी होती तेवढी उंच झाली, गुटक्यावर पुरती चार बोटं जागा. मग राहिला अक्कांच्या पायाचा प्रश्न. गाडी माणसाकडे खाली आणायची हा विचारच मुळात चुकीचा होता. ट्रकचा एक तुटका पाटा घेतला, कापला, वाकवला आणि मागच्या डाव्या दाराखाली सांगाड्याला बोल्टनं बसवला. वर टायरचं रबर. जमिनीपासून वीतभर उंच, पक्की पायरी. कलंडायचा प्रश्नच नाही. दाराच्या आत वरच्या बाजूला धरायला एक कडी लावली. हे सगळं एका दिवसाचं काम होतं. ते पोळ्यालाच सुचायला काय हरकत होती, हे मी स्वतःला अजून विचारतो.

पोती मात्र ठेवली नाहीत. मी मागे बसलो आणि बायकोच्या मामेभावानं गाडी एरंडोलपर्यंत नेऊन आणली. चुना जसाच्या तसा गुटक्यावर राहिला. त्या दिवसापासून दुकान बंद करेपर्यंत, मोटार कोणाचीही असो, कमान बांधली की मी मागे बसायचो. गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटायचं. एका डॉक्टरांनी विचारलं, मिस्त्री, तुम्ही मालक आणि मी ड्रायव्हर का? मी म्हटलं, साहेब, चालवा तुम्ही.

अक्का राजी होईनात. वकिलांनी निरोप धाडला की तुम्हीच येऊन सांगा. मी संक्रांतीनंतर गेलो. पट्टा बांधून त्या खुर्चीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मी म्हटलं, अक्का, चूक माझी होती, गाडीची नव्हती आणि तुमच्या कंबरेची तर मुळीच नव्हती. आता मी स्वतः तुमच्या शेजारी बसून दोंडाईच्यापर्यंत येतो. जिथे धक्का लागेल तिथून परत फिरू. त्यांनी काठी मागितली. अंगणात येऊन पायरी काठीनं दोनदा ठोकून पाहिली आणि विचारलं, किती वजन घेईल? मी म्हटलं, ट्रकचं. त्या म्हणाल्या, मी ट्रक नाही. आणि कडी धरून, पायरीवर पाय ठेवून, एकट्या चढल्या.

पारोळा गेला, धुळं गेलं. मी प्रत्येक खड्ड्याला तिरक्या नजरेनं त्यांच्या तोंडाकडे बघायचो. सोनगीरच्या पुढे रस्ता म्हणजे नुसतं नाव होतं. कमान काम करत होती. अक्का खिडकीतून बाहेरची शेतं बघत होत्या आणि माईंनी त्यांना पहिली पाटी कशी आणून दिली, ते सांगत होत्या. दुपारी आम्ही दोंडाईच्याला पोचलो. खरं सांगतो, मी मनात म्हटलं, जिंकलो.

माई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. भाच्यानं अक्कांना हाताला धरून त्यांच्या समोर खुर्चीवर बसवलं. माईंनी त्यांना न्याहाळलं, हसल्या, आणि घरी आलेल्या कोणत्याही बाईला विचारतात तसं गोडीनं अहिराणीत विचारलं, "कोन शे वं तू, माय?"

अक्कांनी नाव सांगितलं. माईंना ते नाव माहीत होतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मन्ही भईन शे ती. पाचोराले मोठी मास्तरीन शे. ती येनार शे."

अक्कांनी माईंचा हात आपल्या हातात घेतला. म्हणाल्या, "हां माई. येनार शे."

भाचा मला बाहेर पडवीत घेऊन गेला. डोळे पुसत म्हणाला, दिवाळीपर्यंत फोटो दाखवला की ओळखायची हो. हे त्यानं मला टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. मी कोण, गाडीचं काय झालं होतं, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी अंगणात जाऊन गाडीशेजारी उभा राहिलो. आत दोघी बहिणी तासभर बसल्या होत्या. माई आपल्या मास्तरीण बहिणीच्या गोष्टी सांगत होत्या आणि अक्का त्या ऐकत होत्या.

परतताना सोनगीरला थांबलो. वकील पान घ्यायला उतरले. गाडीत अक्का आणि मी दोघंच. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी चांगली झाली. कंबरेला काही कळलं नाही."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, हेच मी पोळ्याला केलं असतं तर त्यांनी तुम्हाला ओळखलं असतं."

मला वाटलं, त्या म्हणतील, असू द्या, देवाची मर्जी. माणसं तसंच म्हणतात. अक्कांनी थोडा विचार केला.

"हो," त्या म्हणाल्या. "ओळखलं असतं."

मग त्यांनी थर्मासचं झाकण काढलं, त्यात चहा ओतला आणि आधी माझ्या हातात दिला.